संघर्ष पाहिजे

मराठी शाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येक माणसाने निदान एकदा तरी फाटक्या छत्रीच्या वतीने अश्रू ढाळलेले असतात. नदी, वडाचं झाड, पडका किल्ला, रद्दीत निघालेलं पाठ्यपुस्तक, एवढंच काय, वर्गातला मोडका बाक, या सगळ्यांची आत्मवृत्तं आम्ही दहावीपर्यंत लिहून मोकळे होतो. छत्रीला काय वाटतं ते आम्ही पंधरा ओळींत सांगू शकतो. तिचा जन्म, तिचे वैभवाचे दिवस, मालकाचा कृतघ्नपणा आणि शेवटी बालमित्रांना दोन शब्दांचा उपदेश. दहापैकी आठ गुण कुठे गेले नाहीत. फक्त स्वतःचं आत्मवृत्त लिहायला आम्हाला कधी कुणी सांगितलं नाही. ज्याचं अजून काही फाटलेलंच नाही त्याला कसलं आलंय मनोगत, असा पेपर काढणाऱ्यांचा रास्त विचार असावा.

अमेरिकेत मात्र छत्रीची विचारपूस कुणी करत नाही. तिथे पदवीच्या प्रवेशासाठी ‘कॉमन अ‍ॅप’ नावाचा सामायिक अर्ज असतो. १९७५ साली पंधरा खासगी कॉलेजांनी मिळून तो काढला, आता हजाराहून अधिक कॉलेजं तो स्वीकारतात. त्यात सतरा वर्षांच्या पोराने आपण कोण आहोत हे कमीत कमी २५० आणि जास्तीत जास्त ६५० शब्दांत सांगायचं असतं. सहाशे एक्कावन्नावा शब्द तो चौकोन आत घेतच नाही. मला पन्नाशी उलटून गेल्यावरही स्वतःबद्दल २५० शब्द भरतील की नाही याची शंका आहे, आणि त्यातलेही बरेचसे गुडघ्याबद्दल असतील.

या भानगडीत मी पडलो तो ताईमुळे. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिची मुलगी बारावीला आहे आणि तिला अमेरिकेत अर्थशास्त्र शिकायचं आहे. “तू लिहितोस ना,” ताई फोनवर म्हणाली, “मग हिचा निबंध बघ जरा.” लग्नात डॉक्टर भेटला की लोक त्याच्यापुढे जीभ काढून उभे राहतात, तसं दिवाळी अंकात दोन-चार लेख छापून आलेल्या माणसाचं नातेवाइकांत होतं. कुणाचा सत्कार असो, कुणाची श्रद्धांजली असो, मजकूर माझ्याकडे. त्यात आता परदेशी प्रवेशाची भर पडली.

अर्जात सात विषय असतात, त्यांतला एक निवडायचा. सातवा विषय ‘तुम्हाला हवा तो’, म्हणजे त्यांनाही सहाच सुचले. आम्ही सगळे जेवणाच्या टेबलाभोवती बसलो. एका विषयात अर्जदाराने त्याला आलेली अडचण किंवा अपयश सांगायचं आणि त्यातून काय शिकलो ते लिहायचं होतं. मेहुण्यांनी चष्मा काढला. “अपयश? हे आपणहून लिहून द्यायचं?” ते कंपनीत ‘प्रोसेस’ बघतात. इतक्या वर्षांच्या नोकरीत असलं काही त्यांनी ईमेलमध्ये येऊ दिलं नव्हतं.

“आठवीची स्कॉलरशिप दोन मार्कांनी गेली ते लिही,” ताई म्हणाली. मग तिचं तिलाच राहवेना. “पण ती का गेली? त्या पेपर तपासणाऱ्याने...” विषय तिथेच बारगळला. मध्यमवर्गीय मराठी घरात अपयश येत नाही, होतो तो अन्याय.

दुसऱ्या एका विषयात, आपण एखाद्या समजुतीला आव्हान दिलं असेल तर तो प्रसंग मागितला होता. भाची म्हणाली, “मी सातवीत असताना आईला विचारलं होतं, शनिवारी नखं का कापायची नाहीत?”

“मग?” मी आशेने विचारलं.

“आई म्हणाली, काप. बेसिनमध्ये नको कापूस म्हणजे झालं.”

बंडाला इतका सहज होकार मिळाला, तर ६५० शब्द यायचे कुठून? कुणी तुमच्यासाठी केलेल्या एखाद्या गोष्टीबद्दल कृतज्ञता व्यक्त करा, असाही एक विषय होता. त्या विषयावर ताई बराच वेळ रेंगाळली, भाचीने मात्र पटकन पुढचं पान उघडलं.

हे निबंधाचं प्रकरण अमेरिकेत आलं कुठून, ते मी मधल्या काळात वाचून काढलं. लिहिणाऱ्या माणसाची हीच खोड, की लिहायचं काम आलं की तो आधी वाचत बसतो. जेरोम काराबेल यांच्या ‘द चोझन’ या २००५ सालच्या जाडजूड पुस्तकात ती कथा आहे. शंभर वर्षांपूर्वी तिथली मोठी कॉलेजं आपल्यासारखीच परीक्षा घेऊन प्रवेश देत असत. पण नुसत्या मार्कांवर प्रवेश दिला तर स्थलांतरित ज्यूंची हुशार पोरं फारच मोठ्या संख्येने येतात, हे जुन्या घराण्यांना खुपू लागलं. हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांनी १९२२ साली ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर उघड मर्यादा घालायचा घाट घातला. त्यावर ओरड झाली. मग पुढच्या काही वर्षांत सभ्य मार्ग निघाला, तो म्हणजे ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ पाहून प्रवेश देण्याचा. फोटो मागवू लागले, शिफारसपत्रं मागवू लागले, आईचं माहेरचं नाव विचारू लागले, आणि जन्मानंतर तुमच्या किंवा वडिलांच्या नावात काही बदल झाला आहे का, हेही. आईच्या माहेराची एवढी चौकशी आपल्याकडे फक्त लग्न जुळवणारे करतात, आणि त्यांचाही हेतू साधारण तोच असतो. आजचा निबंध त्याच घराण्यातला. नव्वद टक्के पाप धुतलं गेलं असेल, पण ‘तुम्ही आमच्यातले वाटता का’ हा वास अजून येतो.

आपल्या सीईटीचं त्या मानाने बरं. ती माणसाला सात दशांश स्थळांपर्यंत मोजते आणि गप्प बसते. तुम्ही कोण आहात हे ती विचारत नाही, ती फक्त पुरावा मागते. डोमिसाइल, नॉन-क्रिमिलेयर, शाळा सोडल्याचा दाखला, सगळं साक्षांकित. व्यक्तिमत्त्वाचा रकानाच नाही, त्यामुळे ते नसलं तरी कुणाचं काही अडत नाही.

निबंध काही पुढे सरकेना, तेव्हा ताई आणि मेहुणे एका काउन्सेलरबाईंकडे गेले. जाताना मलाही घेऊन गेले. काचेच्या केबिनमध्ये, हसणाऱ्या मुलांच्या फोटोंखाली बाई बसल्या होत्या. “तुमच्या मुलीची स्टोरी काय आहे?” त्यांनी विचारलं. ताईने दहावीचे टक्के सांगितले. बाई समजूतदारपणे हसल्या. “टक्के सगळ्यांनाच असतात. स्ट्रगल काही?”

ताईचा चेहरा उतरला. मुलीला कसला म्हणून संघर्ष करायला लागू नये यासाठीच तर नवराबायकोने हाडं झिजवली होती. घराजवळची शाळा बघितली, शाळेजवळचं घर घेतलं, इन्व्हर्टर बसवला, पाण्याची जादा टाकी बसवली. आणि आता नेमका संघर्षच कमी पडत होता. इतक्या वर्षांच्या चोख पालकत्वाचा हा असा निकाल.

“तिकडच्या लोकांना ऑथेंटिक आवाज लागतो,” बाई म्हणाल्या. “तो आम्ही तीन सिटिंगमध्ये तयार करून देतो.” फीचा आकडा ऐकल्यावर मेहुणे म्हणाले की आवाजाचं आम्ही घरीच बघू.

घरी आल्यावर त्यांनी लॅपटॉपवर ‘स्ट्रगल’ नावाची एक्सेल शीट उघडली. घटना, वर्ष, तीव्रता १ ते ५, साक्षीदार. रात्री उशिरापर्यंत नोंदी झाल्या. दातांना तार. डावखुरी असल्याने कात्रीचा त्रास. जिवलग मैत्रिणीचे वडील बदली होऊन नागपूरला गेले. लिफ्ट बंद, फ्लॅट पाचव्या मजल्यावर. या शेवटच्या नोंदीची तीव्रता मेहुण्यांनी तीन धरली, ताईने दोन. कोरोना लिहायचा नाही, तो सगळ्यांनाच होता, असं काउन्सेलरबाईंनी जाता जाता फुकटात सांगितलं होतं.

घरात संघर्षाचा साठा नव्हता असं नाही. तो चुकीच्या माणसाकडे होता. आमचे अण्णा, म्हणजे भाचीचे आजोबा, आता ऐंशीच्या घरात आहेत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही गेलं, आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. तेव्हा अण्णा शाळकरी होते आणि नारायण पेठेत दोन खोल्यांत राहात होते. ताई आणि मी हा पूर ऐकतच लहानाचे मोठे झालो. भाची वही घेऊन त्यांच्यासमोर बसली.

“आजोबा, त्या पुराने तुम्हाला काय शिकवलं?”

“पूर कशाला शिकवेल? शाळा बंद होती.”

“तसं नाही. तुमच्यात काय बदल झाला?”

“कपडे बदलले. तेही दुसऱ्याचे.”

“मला इनसाइट हवी आहे, आजोबा.”

अण्णा विचारात पडले. “तांब्याचा बंब वाहून गेला,” ते म्हणाले. “फार चांगला होता गं.”

तरीही मेहुण्यांचं मत पडलं की पूर आणि आजोबा यांचं काहीतरी करता येईल. मी त्यांना सावध केलं. ब्रिटनमध्ये विद्यापीठ प्रवेशाचं काम ‘यूकॅस’ ही संस्था बघते. अर्जांतली नक्कल शोधण्यासाठी तिने केलेली एक तपासणी २००७ साली गाजली होती. २३४ अर्जदारांनी लिहिलं होतं की वयाच्या आठव्या वर्षी रसायनांच्या खेळण्याशी खेळताना त्यांच्या पायजम्याला भोक पडलं, आणि तेव्हापासून त्यांना विज्ञानाची गोडी लागली. बहुतेकांनी इंटरनेटवरच्या एकाच नमुना निबंधातून ते भोक उचललं होतं. पण मला जास्त आवडला तो दुसरा आकडा. १७५ निबंधांत वृद्ध किंवा आजारी आजोबा होते. ऐकून अण्णा म्हणाले, “मी आजारी नाही.” आणि पंखा वाढवून पेपर वाचायला लागले.

तसं आपणही या बाबतीत मागे नव्हतो. इंजिनिअर होऊन एमएसला जाणाऱ्या पोरांचा ‘एसओपी’ हा वाङ्मयप्रकार माझ्या पिढीत हॉस्टेलवर हस्तांतरित होत असे, आधी झेरॉक्सने, मग फ्लॉपीने. त्यात प्रत्येकाला लहानपणापासूनच संगणकाची ओढ असे, घरात संगणक नसला तरी. मूळ लेखक कोण होता, कुठे गेला, कुणालाच ठाऊक नसे, फक्त विद्यापीठाचं नाव बदलायचं. एका महाभागाने नाव बदललं पण वाक्य तसंच ठेवलं, आणि अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातल्या विद्यापीठाला त्याच्या बर्फाच्छादित आवाराबद्दल मनापासून दाद दिली, अशी आख्यायिका आम्हाला सिनिअर लोक सांगत.

स्वतःबद्दल चांगलं बोलायची मराठी माणसाला चोरी, हेही आहेच. रामदासांनी दासबोधात मूर्खाची लक्षणं सांगायला घेतली, त्यात स्वतःची स्तुती करणारा आणि वडिलांची कीर्ती सांगणारा असे दोघेही सुरुवातीलाच एका दमात घातले. अर्जाला तर नेमकी ही दोनच लक्षणं पुरतात. शिवाय दहा उपक्रमांची यादी, प्रत्येकाचं वर्णन दीडशे अक्षरांत. भाची गणपतीत ढोल पथकात असते. ढोल कमी पडले म्हणून एका वर्षी तिच्या हातात ध्वज दिला होता. मेहुण्यांनी तिथे ‘लीडरशिप’ लिहिलं. भाचीने खोडलं. त्यांनी पुन्हा लिहिलं. त्या ध्वजापायी बापलेकींत दोन दिवस अबोला होता.

शिफारसपत्राचं काम त्या मानाने सोपं गेलं. भाची ज्या कॉलेजात शिकते तिथे ती फारशी जात नाही, कारण सगळे क्लासला जातात. सरांनी तिला बहुधा तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. “तुम्हीच लिहून आणा, मी सही-शिक्का देतो,” ते म्हणाले. ‘या विद्यार्थिनीची जिज्ञासा मी फार जवळून पाहिली आहे’ हे वाक्य माझं. चांगलं उतरलं आहे.

मुख्य निबंधावर भागत नाही, काही विद्यापीठं वर आणखी निबंध मागतात. शिकागो विद्यापीठाची या बाबतीत ख्याती आहे. विषम संख्यांत एवढं विषम काय आहे, असले प्रश्न त्यांनी पूर्वी घातलेले आहेत, आणि एकदा तर नुसतं ‘एक्स शोधा’. मेहुण्यांना हा प्रश्न एकदम पसंत पडला. ते कागद-पेन घेऊन समीकरण शोधू लागले. स्टॅनफर्ड भावी रूममेटला पत्र लिहायला सांगतं. तो मसुदा ताईने उत्साहाने स्वतः केला. त्यात भाचीला सकाळी हाक मारून उठवावं लागतं, ओले केस घेऊन ती झोपते ते तिला करू देऊ नये, आणि दूध घेतल्याशिवाय बाहेर सोडू नये, असं होतं. खाली ताईचा मोबाइल नंबर.

मग ताईला कुठूनसं समजलं की २०१६ साली डेलावेअरमधल्या एका मुलीने कॉस्टको या घाऊक दुकानातल्या आपल्या लहानपणच्या फेऱ्यांवर निबंध लिहिला आणि तिला आयव्ही लीगमधल्या पाच विद्यापीठांनी आणि वर स्टॅनफर्डनेही प्रवेश दिला. लगेच मायलेकी निरीक्षणासाठी डी-मार्टला गेल्या. तूरडाळ, फिनेल आणि दोन डबल बेडशीट घेऊन आल्या. निबंध मिळाला नाही. स्टॅनफर्डचीच आणखी एक गोष्ट आहे. ‘तुम्हाला कशाचं मोल वाटतं, आणि का?’ या प्रश्नाला एका मुलाने ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ हा हॅशटॅग शंभर वेळा लिहून उत्तर दिलं आणि २०१७ मध्ये त्याला प्रवेश मिळाला. एकच गोष्ट शंभर वेळा मीही शाळेत लिहिली आहे. मला वर्गाबाहेर काढलं होतं.

शेवटी मेहुण्यांनी सगळी शीट एआयला दिली. अर्ध्या मिनिटात ६४९ शब्दांचा निबंध आला, एक चूक नाही. त्यात लिफ्ट हे जीवनाचं रूपक झालं होतं, आणि भाची १९६१ च्या पुरात स्वतः पोहत होती. मेहुण्यांना तो आवडला, तारखेचं बघू म्हणाले. मी त्यांना सांगितलं की एआयचा सुळसुळाट झाल्यावर ड्यूक विद्यापीठाने २०२४ मध्ये निबंधाला आकड्यात गुण देणंच बंद केलं. “मार्कच नाहीत?” ते म्हणाले. “मग लिहायचं कशाला?” त्यानंतर त्यांचा या विषयातला रस बराच कमी झाला, आणि घरात शांतता आली.

त्या शांततेचा फायदा घेऊन भाचीने एका रात्री कुणाला न दाखवता निबंध लिहिला आणि अर्ज पाठवून दिला. सकाळी पीडीएफ सगळ्यांना मिळाली. विषय होता, ‘माझे आजोबा कॅरममध्ये चीटिंग करतात’.

अण्णा आणि ती रविवारी कॅरम खेळतात. दर वेळी अण्णा नवा नियम सांगतात आणि तो जुनाच असल्याचं सांगतात. पहिल्या डावात क्वीनला कव्हर लागत नाही. स्ट्रायकर वाऱ्याने आत गेला तर ड्यू बसत नाही. वयाने मोठ्याचा अंगठा रेषेला लागला तर चालतो. भाचीने तिसरीत असल्यापासून हे नियम एका वहीत तारखेसकट उतरवून ठेवले होते. कुठला नियम कुठल्या नियमाला छेद देतो ते बाणांनी दाखवलं होतं. आणि मग अण्णांच्याच जुन्या नियमांनी अण्णांना हरवायची एक पद्धत तिने बसवली होती. आम्हाला कुणालाच त्या वहीचा पत्ता नव्हता. मेहुण्यांच्या शीटमध्ये तिला रकानाच नव्हता. मी सांगतो, निबंध झकास होता. त्यात संघर्ष नव्हता, शिकवण नव्हती, आणि मला त्यात एकही स्वल्पविराम हलवावासा वाटला नाही, ही गोष्ट सोडली तर माझी काही तक्रार नाही.

ताईने दोनदा वाचला. “यात मी कुठे आहे?”

“तिसऱ्या परिच्छेदात चहा आणतेस ना,” भाची म्हणाली.

अण्णांना तो मराठीत सांगावा लागला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला, कव्हरच्या जागी एकदा हरकत घेतली, आणि शेवटी विचारलं, “हे अमेरिकेत किती जण वाचणार?”

“दोन-तीन जण वाचतील, आजोबा.”

“आणि माझी बाजू?”

दुपारी त्यांनी माझ्याकडून फुलस्केप कागद मागून घेतले आणि प्रवेश देणाऱ्यांचा पत्ता विचारला. असं पत्र पाठवता येत नाही, हे भाचीने समजावलं. एकतर्फी ऐकून निकाल देतात ते कसलं विद्यापीठ, असं अण्णा म्हणाले आणि लिहायला बसले. सध्या ते चौथ्या कागदावर आहेत. क्वीनच्या कव्हरचा मुद्दा यायला अजून अवकाश आहे, कारण त्याआधी कॅरमबोर्ड घरात कसा आला ते सांगायला हवं, आणि त्यासाठी पुरापासून सुरुवात करणं भाग आहे. बंबालाच दीड पान गेलं. ६५० शब्दांच्या मर्यादेचं मी त्यांना सांगून पाहिलं.

“ती अर्जदाराला,” अण्णा म्हणाले. “मी प्रतिवादी आहे.”